इलेक्ट्रिक टेम्पोला मागे ट्रॉली लावली तर रेंज किती पडते?

कोळशेतचा_मंडपवाला | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मंडप-डेकोरेशन आणि लायटिंगचा धंदा आहे, गोडाऊन कोळशेतला. डिझेल पिकअप आता थकलीय, दर महिन्याला काही ना काही काढते. भाचा मागे लागलाय, मामा आता इलेक्ट्रिकच घे. तो दिवसभर अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचे व्हिडिओ बघत असतो. ती म्हणे साडेचार टनांपर्यंत ओढते. पण मागे कॅम्पर (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) लावला की रेंज निम्म्यावर येते, हेही त्याच व्हिडिओत सांगतात. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय.

माझं काम असं: हौद्यात पाइप, कनाती, गालिचे, पार लाइट, सगळं मिळून पाऊण टन. मागे हुकला २५ केव्हीए सायलेंट जनरेटरची ट्रॉली, ती ट्रॉलीसकट टनाच्या वर भरते. फेऱ्या घोडबंदर रोडचे हॉल, येऊरचे बंगले, कळवा, ऐरोली. लग्नसराईत खारघर-पनवेल. लोणावळा क्वचित, पण पैसे तिथेच बरे मिळतात.

इलेक्ट्रिक छोटा हत्ती (टाटा एस ईव्ही) घेतला तर कंपनी एका चार्जमध्ये १५४ किमी सांगते. ते रिकाम्या गाडीचे की भरलेल्या? आणि ट्रॉली लावल्यावर किती धरायचे? शोरूममधला पोरगा प्रत्येक प्रश्नाला “आरामात सर” एवढंच म्हणतो. जाणकारांनी उजेड पाडावा.

तुर्भे_मसाला_गल्ली | मंगळवार, सकाळी ७:१५

दादा, आमच्याकडे तीच गाडी आहे, २१.३ युनिट बॅटरीवाली. मसाला मार्केटातून ठाणे-मुलुंडच्या दुकानांना माल टाकायला वापरतो. १५४ हा चाचणीच्या ठरावीक चक्रातला आकडा. जाताना भरलेली, येताना रिकामी, मधे दहा ठिकाणी थांबणं, या हिशोबात शंभर-एकशेदहा धरून चाल. आमचं त्यात भागतं.

पण आधी एक गोष्ट. या मॉडेलची भारक्षमता ६०० किलो आहे. तुझा पाऊण टन त्यातच बसत नाही, मागे ट्रॉली तर लांबची गोष्ट. २०२४ मध्ये टाटांनी एक टनवालं मॉडेल आणलं, त्याचा कागदावरचा आकडा १६१ किमी. बघ, भार वाढला तरी आकडा वाढला! म्हणजे त्या आकड्याचा आणि तुझ्या कनातींचा काडीचा संबंध नाही. महिंद्राची झिओ बघायची तर ७६५ किलो आणि १६० किमी सांगतात. तिथेही तोच न्याय.

जुना_डिझेलवाला | मंगळवार, सकाळी ९:०२

इलेक्ट्रिक म्हणजे पोरांचं खेळणं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात आणि तुझा जनरेटर खारेगावच्या पुलावर बॅटरी संपून उभा. मग नवरीचा बाप तुला सोडेल का? डिझेल टाका, पाच मिनिटांत पुढे चला. लोड असो नसो, आमच्या पिकअपला फरक पडत नाही.

ऐरोली_टू_ह्यूस्टन | मंगळवार, सकाळी ९:५०

भाच्याचे व्हिडिओ खरे आहेत. माहेर ऐरोली सेक्टर ८, सध्या मुक्काम टेक्सास. आमच्याकडे लाइटनिंग आहे, १३१ युनिटांच्या मोठ्या बॅटरीची. कागदावर ५१५ किमी. एरवी ऑफिस-शाळा-ग्रोसरीला त्याच्या जवळपास मिळतातही. मागे कॅम्पर लावून हायवेला लागलं की १६० च्या अलीकडे-पलीकडे. तेही शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत. प्रवासात कोणी शून्यापर्यंत नेत नाही, आणि ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग मुंगीच्या पावलाने होतं. म्हणजे दोन थांब्यांच्या मधे हातात येतात शंभर-एकशेदहा किमी.

खरी कटकट त्याहून वेगळी आहे. इथले बहुतेक चार्जर कार तोंडाने आत लावायच्या पार्किंगसारखे. मागे सात-आठ मीटरचं शेपूट असलं की बसतच नाही. मग कॅम्पर एका कोपऱ्यात सोडा, चाकांना ओट लावा, जॅक खाली करा, साखळ्या काढा, वायर काढा, गाडी चार्जरला लावा, चाळीसेक मिनिटांनी येऊन हे सगळं उलट्या क्रमाने करा. टेक्सासच्या उन्हात. नवऱ्याला हा छंद वाटतो, मला नाही.

आणखी एक निरीक्षण. बागेसाठी विटा आणल्या होत्या उघड्या, बुटक्या ट्रेलरवर. वजन कॅम्परपेक्षा जास्तच असेल. तरी रेंज तेवढी पडली नाही.

तुर्भे_मसाला_गल्ली | मंगळवार, सकाळी १०:०५

ताई, हे विटांचं कसं काय? वजन जास्त तर बॅटरी जास्त जायला हवी ना?

ज्यूल_न्यूटन_आणि_मी | मंगळवार, दुपारी १:२०

आता आम्ही मैदानात उतरतो. (रबाळेला मोटार कंट्रोलरच्या कंपनीत पोट भरतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.)

गाडी चालवताना बॅटरी जाते टायरच्या घर्षणात, हवा बाजूला सारण्यात, चढावर वजन उचलण्यात आणि ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात. यातल्या तीन गोष्टी वजनावर चालतात. हवेला मात्र तुमच्या वजनाशी देणंघेणं नाही. तिला दोनच गोष्टी कळतात, समोरून तुम्ही किती उंच-रुंद आहात आणि किती जोरात येताय. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट.

मंडपवाल्या दादांची गाडी धरू. रिकामी सव्वा टन, माल भरून दोन टन. सपाट डांबरी रस्त्यावर टायरच्या घर्षणापोटी रिकामीला किलोमीटरमागे साधारण ०.०४ युनिट, भरलेलीला ०.०६५. हवेपोटी ताशी ४० ला ०.०३, ताशी ६० ला ०.०७, आणि ही गाडी ८० ने पळाली असती तर ०.१२. म्हणजे पाऊण टन माल भरल्याने किलोमीटरला जेवढी बॅटरी जास्त गेली, त्याहून जास्त नुसता वेग ४० वरून ६० केल्याने जाते. (हे चाकापाशी लागणारे आकडे आहेत, मोटार-गिअर-बॅटरीची गळती वेगळी. टायर आणि रस्त्याप्रमाणे कमीजास्त होईल, पण प्रमाण हेच राहतं.)

आता ताईंचा कॅम्पर. तो म्हणजे वादळी पावसात उघडी छत्री वाऱ्याच्या तोंडाला धरून चालणं. अमेरिकेत मोटरट्रेंड मासिकाने २०२२ मध्ये लाइटनिंगमागे तीन वेगवेगळे कॅम्पर लावून पाहिले. सुमारे १.४ टनांच्या कॅम्परला रेंज आली १८५ किमी, २.४ टनांच्याला १६०, ३.३ टनांच्याला १४५. नीट बघा. वजन दुपटीहून जास्त वाढलं, पण रेंज जेमतेम एकपंचमांशाने खाली आली. मोठा खड्डा पहिल्याच, हलक्या कॅम्परने पाडला होता, कारण हवेसमोर भिंत उभी करण्याचं काम त्यानेच करून ठेवलं. विटांचा ट्रेलर बुटका, गाडीच्या आडोशात लपतो, म्हणून स्वस्तात सुटतो.

तात्पर्य घोडबंदर रोडला लावू. तिथे ताशी ६० मिळणं हे स्वप्नच आहे. म्हणजे हवेचा मुद्दा फारसा उरतच नाही. दादांची जनरेटरची ट्रॉली बुटकी, हौद्याच्या मागे झाकलेली. तिचं टनभर वजन टायरवर येतं, म्हणजे किलोमीटरला आणखी ०.०३५ च्या आसपास. शिवाय सिग्नलला थांबून पुन्हा तीन टन हलवायचे. ब्रेक मारताना मोटार उलटी चालून काही ऊर्जा परत देते, सगळी नाही. जिथे शंभर मिळत होते तिथे पासष्ट-सत्तर धरा.

पण सत्तर मिळतील म्हणून ओढावी, असं मी म्हणत नाहीये. त्याबद्दल पुढे कोणीतरी कान उपटेलच.

खाडीकिनारी | मंगळवार, दुपारी १:३४

वाखूसा (वाचनखूण साठवली).

जुना_डिझेलवाला | मंगळवार, दुपारी २:१०

आकडे फेकून डोळे दिपवू नका. माझा साधा प्रश्न: मग डिझेलला हा नियम लागत नाही का? आमची गाडी ओढते की.

ज्यूल_न्यूटन_आणि_मी | मंगळवार, दुपारी ३:०५

लागतो हो काका, न्यूटनने डिझेलला सूट दिलेली नाही. तुम्हाला जाणवत नाही त्याला दोन कारणं.

पहिलं, टाकी. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. पन्नास लिटरची टाकी म्हणजे ५०० युनिट. त्यातले इंजिन जेमतेम तिसरा हिस्सा कामाला लावतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून आकाशात. तरी दीडशेच्या वर उरले. समोर २१ युनिटांची बॅटरी. मोठ्या पातेल्यातून दोन वाट्या जास्त गेल्या तर कोण बघतं? मायलेज तुमचंही पडतं, पण तुम्ही ते पंपावर, महिन्याच्या बिलात बघता. इलेक्ट्रिकवाला ते डोळ्यांसमोर टक्क्यांत बघतो.

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. डिझेल इंजिन हलक्या कामात फार उधळ्या असतं. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या जागी धडधडत तेल पितं. लोड आला की त्याची कार्यक्षमता सुधारते, त्यामुळे लोड दुप्पट झाला तरी तेल दुप्पट लागत नाही. इलेक्ट्रिक मोटार हलक्या कामातही काटकसरीची. तिच्याकडे सुधारायला जागाच नाही, म्हणून लोड वाढला की तो सरळ रेंजमध्ये दिसतो. तुमच्या गाडीत लोडचा फटका आधीच्या उधळपट्टीखाली झाकला जातो, इतकंच.

जुना_डिझेलवाला | मंगळवार, दुपारी ३:२०

उधळ्या म्हणालात ते लागलं मनाला. पण खारेगावचं उत्तर नाही मिळालं.

तुर्भे_मसाला_गल्ली | मंगळवार, दुपारी ३:४१

काका, ट्रॅफिकमध्ये बॅटरी संपत नाही हो. उभ्या गाडीला लागतं काय? दिवे, मीटर, हॉर्न. मुंब्रा बायपासला कंटेनर आडवा झाला होता तेव्हा आमचा ड्रायव्हर अर्धी दुपार तिथेच होता. सगळे इंजिन बंद-चालू करत होते, हा मोबाइल चार्जिंगला लावून क्रिकेट बघत बसला. टक्का जेमतेम हलला. रेंज जाते ती मोकळ्या रस्त्यावर आणि चढाला.

कोळशेतचा_मंडपवाला | मंगळवार, रात्री ११:१५

आज साखरपुड्याचं काम होतं, आत्ता टेकलो. सगळ्यांचे आभार, ज्यूल साहेबांचे जास्त. वेगाचं डोक्यात शिरलं. आता चढाचं सांगा. येऊरला ट्रॉली घेऊन जावं लागतं, आणि लोणावळा. शिवाय मीटर किती किमी दाखवेल त्यावर भरवसा ठेवायचा का?

घाटवळण | बुधवार, सकाळी ६:३०

माझा प्रांत आला. चढाचा हिशोब सरळ आहे: वजन गुणिले उंची. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर चढ. दोन टनांची गाडी तेवढी वर उचलायला ३ युनिट, गळती धरून साडेतीन. म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा नुसत्या घाटात, टायर आणि हवेचा खर्च वेगळा. मागे टनभर ट्रॉली असली तर पाच युनिट, जवळपास पाव बॅटरी. आणि कोळशेतहून खोपोलीपर्यंत पोचतानाच निम्म्याच्या वर गेलेली असणार. लोणावळ्याला चार्जिंग न करता परत यायचा विचार सोडून द्या.

उतारावर काही परत मिळतं, बरंचसं मिळतं. पण बॅटरी भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. अशा वेळी गाडी मोटारीने ब्रेक लावणं कमी करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर बंगल्यावर रात्रभर प्लग लावून सकाळी १०० टक्क्यांवर येऊर उतरणारे आहेत, त्यांच्यासाठी सांगतोय. उतरायचं असेल तर नव्वदच्या आत ठेवा.

आता ट्रॉली. आपल्याकडच्या जनरेटर ट्रॉलींना बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. मोटारीचा ब्रेक फक्त गाडीच्या चाकांना. उपवनच्या बाजूला उतरताना, ओला रस्ता, वळण, तुम्ही पाय उचलला आणि गाडी एकदम आवळली गेली, तरी मागचं टनभर लोखंड थांबत नाही. ते ढकलतं. पुढची गाडी हलकी आणि मागचं जड असेल तर वळणात गाडी आडवी करायला तेवढा धक्का पुरतो. डिझेल पिकअप स्वतः जड, म्हणून तुमचं आजवर निभावलं. सव्वा टनाच्या गाडीमागे टनाची ट्रॉली हा रेंजचा प्रश्नच नाही. मी तरी लावणार नाही.

मीटरबद्दल: किलोमीटरचा आकडा मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. काल रिकामी फिरवली असेल तर आज भरल्यावरही सकाळी तोच गोड आकडा दाखवेल. टक्के बघा. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर दहा टक्क्यांत किती किमी जाते ते लोडप्रमाणे वहीत लिहून ठेवा. लाइटनिंगमध्ये म्हणे ट्रेलरची मापं भरून ठेवता येतात आणि गाडी त्याप्रमाणे अंदाज सुधारते. ताई सांगतील.

ऐरोली_टू_ह्यूस्टन | बुधवार, सकाळी ८:१०

हो, ट्रेलरचं प्रोफाइल करून ठेवता येतं, लांबी-रुंदी-वजन भरायचं. जोडल्याबरोबर आकडा धाडकन खाली येतो. पहिल्यांदा काळजात धस्स होतं, पण निघाल्यावर तो बऱ्यापैकी खरा निघतो. समोरून वारा असला की मात्र त्याच्याही हाताबाहेर. रिव्हियनवाले (इथलीच दुसरी इलेक्ट्रिक पिकअप कंपनी) तर स्वतःच सांगतात, जास्तीत जास्त वजन ओढलं तर रेंज निम्मी धरा. कंपनीने असं तोंडाने सांगितलेलं मला आवडतं.

कागदपत्रं_काका | बुधवार, सकाळी १०:४५

इतक्या जणांनी भौतिकशास्त्र शिकवलं, कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून आलो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१. ट्रेलरला नोंदणीचे नियम स्वतंत्र लागू होतात. त्याला स्वतःचा नंबर लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही मागे दिसला पाहिजे. मंडप लाइनमध्ये बिननंबरच्या ट्रॉल्या सर्रास फिरतात, मला ठाऊक आहे. अपघात होईपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चालतं. झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर जोडल्याची नोंद हवी.

दुसरं, मॅन्युअल उघडा. ज्या गाडीला कंपनीने ओढण्याचं वजन दिलेलं नाही, तिला बाजारातून हुक वेल्ड करून घेतला तर वॉरंटीचं भांडण ठरलेलं. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी चेसिसलाच लागून असते, तिथे वेल्डिंगची ठिणगी नको. लाइटनिंगला साडेचार टन लिहून दिलेत म्हणून ती ओढते. आपल्या छोट्या गाड्या माल हौद्यात घेऊन जाण्यासाठी बनल्यात.

फायद्याचंही सांगतो. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून परमिट लागत नाही. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं.

कोळशेतचा_मंडपवाला | बुधवार, दुपारी १२:३०

घाटवळण आणि काका, दोघांनी मिळून ट्रॉली सोडवलीत माझी. पण मग जनरेटर न्यायचा कशाने? भाचा म्हणतो, मामा जनरेटरच कशाला, गाडीच्या बॅटरीवरच लायटिंग चालव. लाइटनिंग तसं करते म्हणे.

ज्यूल_न्यूटन_आणि_मी | बुधवार, दुपारी १:१५

भाचा हुशार आहे, फक्त गाडी चुकीची धरतोय. लाइटनिंगमध्ये ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढायची सोय मिळते, आणि मागे १३१ युनिट आहेत. अर्धा जनसेट झालाच तो. तुमचा २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॅट. अर्ध्या लोडवर चार तासांचं रिसेप्शन धरलं तरी ४० युनिट लागतात. छोट्या हत्तीच्या पोटातच २१. नवरदेव स्टेजवर चढायच्या आत लाइट जातील आणि तुम्ही घरी चालत जाल. शिवाय असं वीज बाहेर काढायचं सॉकेट त्या गाडीला हवं ना.

वेगळा विचार करा. पूर्वी पार लाइट हजार-हजार वॉटचे असायचे. आता सगळे एलईडीचे. तुमचा खरा लोड एकदा क्लॅम्प मीटरने मोजा. २५ केव्हीए लागतो की सवय म्हणून नेता? बरेचसे हॉलवाले स्वतःचा जनसेट ठेवतात, तिथे तुम्हाला न्यायचंच कारण नाही.

मंडप_माझा_कळवा | बुधवार, दुपारी ४:००

याच लाइनीतला, म्हणून बोलतो. आमच्याकडे जनसेट भाड्यानेच येतो. तो त्यांच्या ट्रकवर, त्यांचा ऑपरेटर, त्यांचं डिझेल, त्यांची डोकेदुखी. खारघरच्या कामाला खारघरचा, पनवेलला पनवेलचा. स्वतःचा ओढत नेण्यात जाण्यायेण्याचं भाडं कोणी लावत नाही म्हणून तो स्वस्त वाटतो. हिशोब मांड एकदा.

आमच्याकडे इलेक्ट्रिक तीनचाकी आहे किरकोळ सामानाला. फुलं, कापड. तिचा अनुभव एवढाच की टायरची हवा कमी असली तर रेंजमध्ये लगेच कळतं. आणि पाइप हौद्याच्या मागे लोंबत नेऊ नका, कायद्याने तर नाहीच. टपावर बांधले तर हवा अडते म्हणतात, पण आपल्या वेगाला काय फरक पडणार.

जुना_डिझेलवाला | बुधवार, संध्याकाळी ६:२०

शेवटी आलात ना वळणावर? जनरेटर डिझेलचा, तो ओढायला डिझेलचाच ट्रक. मी काय वेगळं म्हणत होतो!

खाडीकिनारी | बुधवार, संध्याकाळी ६:२५

काका, तुम्ही खेळणं म्हणाला होतात.

जुना_डिझेलवाला | बुधवार, संध्याकाळी ६:२६

तेही म्हणालो.

कोळशेतचा_मंडपवाला | गुरुवार, सकाळी ८:५०

रात्री वही घेऊन बसलो. माझ्या फेऱ्यांपैकी बहुतेक ठाणे शहर, कळवा आणि ऐरोलीतच आहेत. दिवसाला साठ-सत्तर किमीच्या वर क्वचित. यातल्या निम्म्याहून जास्त हॉलना स्वतःचा जनसेट आहे, आणि तरी मी ट्रॉली ओढत नेतोय, कारण हुकला लावलेलीच असते!

तर ठरवलं असं. एक टनवाली इलेक्ट्रिक घ्यायची, फक्त मालासाठी, हुक नाही. जुनी पिकअप विकायची नाही. येऊर आणि एक-दोन मैदानांच्या कामाला ती ट्रॉलीसकट जाईल. ट्रॉलीच्या नंबरचं काम काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी. खारघर-पनवेलला कळव्याच्या भाऊंसारखा भाड्याचा जनसेट. लोणावळ्याला पिकअप, नाहीतर ट्रान्सपोर्ट.

बुकिंगच्या आधी गाडी एक दिवस मागून घेतोय. भरलेल्या हौद्याने कोळशेत ते पनवेल आणि परत. पोरगा “आरामात सर” म्हणालाच आहे, तर द्या म्हटलं.

घाटवळण | गुरुवार, सकाळी ९:३०

उत्तम. चाचणीला निघताना शंभर टक्के, परतल्यावर किती उरले ते लिहा, आणि इथे टाका. माल खरोखर भरा, दोन गालिचे टाकून नको. जाताना मुंब्रा बायपास घ्या, येताना ठाणे-बेलापूर रोड, म्हणजे चढ आणि सपाट दोन्ही कळेल.

कोळशेतचा_मंडपवाला | गुरुवार, सकाळी ९:४४

टाकतो. शेवटचं एक: गोडाऊनला घरगुतीसारखंच सिंगल फेज मीटर आहे. रात्री चार्जिंग लावलं तर चालेल ना? पावसाळ्यात गोडाऊनच्या दारात पाणी साचतं.

ज्यूल_न्यूटन_आणि_मी | गुरुवार, सकाळी १०:२०

१५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन-साडेतीन किलोवॅट मिळतात. २१ युनिटांना सहा-सात तास. रात्री अकराला लावली की सकाळी तयार. आधी वीजबिलावर मंजूर भार किती ते बघा. दोन किलोवॅट असेल तर वाढवून घ्या, नाहीतर फ्यूज उडत राहील. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळ्या दराचं मीटरही मिळतं, त्याची चौकशी करा.

सॉकेट छातीच्या उंचीवर बसवा, अर्थिंग स्वतंत्र, आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पहिलं चार्जिंग करू नका. एक्स्टेंशन बोर्डावर तर अजिबात नाही. तुमच्याकडे मंडपाच्या वायरी रगड असतील, त्यातली ओढून लावायचा मोह होईल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कोळशेतचा_मंडपवाला | गुरुवार, सकाळी १०:२३

तेच करणार होतो. इलेक्ट्रिशियनला फोन लावतो.